हातात दीड लाख असताना मालमत्तेत सुरुवात कशी करावी

चाकणच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या, मूळच्या बार्शीच्या एका तरुणानं हा प्रश्न विचारला आहे. वय २७, हातात येणारा पगार ३५,००० रुपये, साठवलेले दीड लाख. बार्शीत वडिलोपार्जित घर आहे. पुढच्या भागात आईवडील राहतात, मागच्या दोन खोल्या कुलूप लावून पडल्या आहेत. पैसा नसताना मालमत्तेत उतरता येतं असं सांगणारे व्हिडिओ त्यांनी बरेच पाहिलेत. शिवाय ओळखीतला एक जण खेड तालुक्यात दोन गुंठ्यांचा प्लॉट हप्त्यांवर देऊ करतोय, आधी एक लाख भरायचे. सुरुवात कुठून करू, असं ते विचारतात.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये भाड्याचे आणि खरेदी-विक्रीचे व्यवहार करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. उत्तर आधी, कारणं नंतर. प्लॉटसाठी एक लाख देऊ नका. फ्लॅट आत्ता घेऊ नका. सुरुवात बार्शीतल्या त्या दोन खोल्यांपासून करा आणि जोडीला इथे दुसऱ्यांच्या घरांच्या भाड्याच्या कामात शिरा. पैसा कमी असताना माणसानं विकत घेण्याच्या मागे लागू नये. जे घर आधीच उभं आहे, मग ते घरच्यांचं असो की परक्याचं, त्यातून उत्पन्न काढायला शिकावं. विकत घेणं ही त्यानंतरची पायरी आहे.

आता फ्लॅटचा हिशेब मांडू, कारण व्हिडिओत तो कुणी पूर्ण मांडत नाही. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत, बांधकाम चालू असलेला ४० लाखांचा फ्लॅट धरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम मिळते. म्हणजे इथे बँक ३२ लाख देईल, आठ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत, ती वेगळी. मुद्रांक शुल्क इथे सात टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार. नोंदणी फी ३० हजार. या किमतीच्या परवडणाऱ्या घरावर एक टक्का जीएसटी, म्हणजे आणखी ४० हजार. साडेअकरा लाख रोख हाताशी असल्याशिवाय हा व्यवहार उभाच राहत नाही.

समजा ते कुठूनतरी उभे केले. ३२ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत धरली तर हप्ता सुमारे २७,८०० रुपये. असा फ्लॅट शहराच्या कडेच्या भागात १२-१३ हजारांना भाड्यानं जातो. सोसायटीचा देखभाल खर्च धरला तर दर महिन्याला १७ हजारांच्या आसपास खिशातून भरावे लागतील, आणि भाडेकरू नसलेल्या महिन्यात पूर्ण ३० हजार. शिवाय तुमच्या पगारावर बँक साधारण निम्म्यापर्यंतचाच हप्ता मान्य करते. साडेसतरा हजारांच्या हप्त्यात २० लाखांच्या आसपासचं कर्ज बसतं. त्यामुळे हा फ्लॅट तुम्हाला मिळणारच नाही, आणि आज तरी ते तुमच्या भल्याचंच आहे.

मग ते व्हिडिओ काय सांगतात? बहुतेकांचं मूळ अमेरिकेत आहे. तिथे सरकारी हमीच्या योजनेत साडेतीन टक्के भरून घर घेता येतं. त्यात चार घरांपर्यंतची छोटी इमारतही बसते, म्हणजे एका घरात राहायचं आणि बाकीची भाड्यानं द्यायची. घर विकणारा स्वतःच खरेदीदाराला उधारी देतो, त्याचे कागद करण्याची रूढ पद्धत आहे. करार करून तो पुढे दुसऱ्याला विकणं हाही तिथे चालणारा उद्योग आहे. त्यांच्या कायद्यात आणि त्यांच्या बँकांत हे बसतं. आपल्याकडे मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि कर्जाची मर्यादा आडवी येते. मग आपल्याकडचा माणूस तोच ‘शून्य’ दुसऱ्या मार्गानं उभा करतो, आणि त्या मार्गांपासून तुम्हाला सावध करणं मला फार गरजेचं वाटतं.

पहिला मार्ग म्हणजे किंमत फुगवलेला करार. घर ३५ लाखांना ठरतं, करारात ४२ लिहितात, बँकेकडून जास्तीचं कर्ज काढतात. यात बँकेची फसवणूक आहे. मुद्रांक शुल्कही फुगवलेल्या रकमेवर जातं आणि सही तुमची असते. दुसरा मार्ग वैयक्तिक कर्ज काढून स्वतःचा हिस्सा भरायचा. त्याचं व्याज गृहकर्जापेक्षा कितीतरी जास्त, मुदत चार-पाच वर्षं, आणि दोन्ही हप्ते मिळून पगार संपतो. तिसरा सगळ्यात घातक: “कर्ज तुझ्या नावावर काढ, हप्ते मी भरतो, घर माझं, तुला वर दोन लाख देतो.” पगारदार तरुण मुलांना हे हमखास सांगितलं जातं. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं असा व्यवहार बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायद्यात अडकू शकतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यात एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि मालमत्ता जप्तीची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी त्या माणसानं सहा महिन्यांनी हप्ते थांबवले की बँक तुमच्याकडेच येणार.

चौथा मार्ग दिसायला सभ्य आहे: ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही, तोवरचं व्याज बिल्डर भरणार. कर्ज मात्र पहिल्या दिवसापासून तुमच्याच नावावर असतं. प्रकल्प रखडला, बिल्डरनं व्याज थांबवलं, की तुमच्या नावावर थकबाकी चढते. बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच रक्कम द्या असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं, आणि नॅशनल हाउसिंग बँकेनं २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं. यामागे होरपळलेली हजारो कुटुंबं आहेत.

आता तो दोन गुंठ्यांचा प्लॉट. यावर जरा थांबतो, कारण कमी पैसेवाल्या माणसाचे पैसे पुणे जिल्ह्यात सगळ्यात जास्त इथेच बुडतात.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. तुम्हाला दाखवलेली जमीन बहुधा शेतजमीन असेल. ती असेल तर पहिलाच प्रश्न: तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर शेती आहे का? महाराष्ट्रात कूळ कायद्यानुसार शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, इतरांना परवानगी लागते. दुसरा प्रश्न तुकडेबंदीचा. १९४७ चा हा कायदा ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडायला मनाई करतो, त्यामुळे शेतजमिनीतल्या दोन गुंठ्यांचं खरेदीखत सरळ नोंदवलं जात नाही. सरकारनं अलीकडे काही भागांसाठी हे नियम सैल केले आहेत. पण “आता सगळं चालतं” हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकून चालत नाही. त्या गट नंबरला ती सवलत लागू आहे का, हे तहसील कार्यालयातून कळतं.

खरेदीखत होत नाही म्हणून मग काय करतात? दहा-बारा जणांच्या नावानं सामाईक खरेदी करून सातबारावर सगळ्यांची नावं एकत्र चढवतात. तुमचा तुकडा नेमका कुठला, हे सातबारावर कुठेच नसतं. किंवा नोटरीसमोर साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) आणि कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीनं व्यवहार करण्याचा अधिकार) करून देतात. नोटरीच्या शिक्क्यानं जमीन नावावर होत नाही. कुलमुखत्यारपत्रावर केलेल्या अशा ‘विक्री’नं मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. तुम्ही तीन वर्षं हप्ते भराल, मालक त्याच काळात तीच जमीन नोंदणीकृत खरेदीखतानं दुसऱ्याला देईल, आणि तुमच्या हातात पावत्या राहतील.

सातबारा महाभूलेखच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो, तो आजच काढा. जमीन धारण करणारा, म्हणजे भोगवटादार, वर्ग १ आहे की वर्ग २, ते बघा. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. ‘इतर हक्क’ हा रकाना सगळ्यात नीट वाचा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचे हक्क तिथे दिसतात. मागचे फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, काढून जमीन आजच्या मालकाकडे कशी आली ते बघा. वडिलोपार्जित असेल तर मुलींची नावं कुठे गेली, हा प्रश्न विचाराच. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मानंच मुलाइतका हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तो आणखी पक्का केला. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर उद्या एखादी बहीण न्यायालयात उभी राहू शकते, आणि ती बरोबरच असेल. त्यानंतर बिनशेती आदेश, मंजूर रेखांकन, झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी राखली आहे ते सांगणारा), मोजणीची ‘क’ प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) आणि कागदावरचा रस्ता, हे सगळं बघा. प्रत्यक्ष जागेवर मुरूम टाकलेला रस्ता असतो, पण तो दुसऱ्याच्या गटातून जात असेल तर तो मालक उद्या खांब रोवू शकतो.

एवढं सगळं तपासायला वेळ नसेल तर एक सोपी कसोटी सांगतो. जवळच्या राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन विचारा, या प्लॉटवर कर्ज द्याल का? त्यांचा वकील नाही म्हणाला तर तुम्हीही नाही म्हणा. आणि टोकन कुणालाही रोखीत देऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं मनाई आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो. तरीही तो रोखच मागत असेल तर तिथून उठा.

आता बार्शीकडे वळतो. तुमच्या प्रश्नात ते घर एका ओळीत येऊन गेलं आहे. मला मात्र तीच ओळ सगळ्यात मोलाची वाटली. बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावानं चालणारं कर्करोग रुग्णालय आहे. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीडकडची माणसं तिथे उपचारांना येतात. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडेही चालतात. रोज गावाहून ये-जा करणं रुग्णाला झेपत नाही, लॉज इतके दिवस परवडत नाही. स्वच्छ खोली, वेगळं संडास-बाथरूम, गरम पाणी आणि एक शेगडी एवढी त्यांची गरज असते. रुग्णालयातल्या परिचारिका, बदलून आलेले शिक्षक, बाहेरगावचे विद्यार्थी यांनाही खोल्या लागतात.

वायरिंग, नळ, वेगळं स्वच्छतागृह, रंग, दोन पलंग, पाण्याची टाकी, वेगळा सबमीटर हे सगळं सव्वा लाखाच्या आत बसवायचा प्रयत्न करा, उरलेले पंचवीस हजार हात न लावता ठेवा. प्रत्येक खोलीला महिना तीन हजार धरले तर वर्षाचे ७२ हजार होतात. मधले रिकामे दिवस, किरकोळ दुरुस्त्या वजा करून ५५ हजार उरले असं धरू. सव्वा लाखावर वर्षाला ५५ हजार. मघाचा ४० लाखांचा फ्लॅट वर्षाला दीड लाखाच्या आसपास देतो, म्हणजे चार टक्केही नाही. हा फरक पडतो कारण बार्शीतली जमीन आणि भिंती आजोबांनी आधीच कमावून ठेवल्या आहेत. तुम्ही फक्त कुलूप उघडताय. बिनभांडवली गुंतवणूक असं काही खरोखर असेल तर ते हेच आहे, आणि महाराष्ट्रातल्या किती तालुक्यांच्या गावी असे वाडे, पडव्या, माड्या बंद पडून आहेत ते आठवून बघा.

मात्र खोली उघडण्याआधी कागद उघडा. सिटी सर्व्हेचा उतारा काढा. घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारसनोंद करून घ्या, आणि त्यात काका, आत्या, बहीण ज्यांचा हक्क आहे त्यांची नावं येऊ द्या. पडक्या खोल्यांना कुणी विचारत नाही, पण भाडं सुरू झालं की घरात प्रश्न सुरू होतात, आणि ते विचारण्याचा त्यांना अधिकारही आहे. खर्च कोण करतो, भाड्यातला किती हिस्सा कोणाचा, खर्च वसूल झाल्यावर काय, हे एका कागदावर सगळ्यांच्या सह्यांनी लिहून ठेवा. भाडं ज्याची मालकी त्याच्या उत्पन्नात धरलं जातं. घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, त्यामुळे वडिलांच्या नावावर बहुधा कर लागणारच नाही. आईवडिलांना विचारल्याशिवाय मात्र यातलं काही करू नका. अनोळखी माणसं अंगणातून ये-जा करणार आहेत आणि सकाळी गिझर चालत नाही म्हणून हाक आईलाच येणार आहे.

वर्षभर राहणारा भाडेकरू असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. अनेक जण पाचशेच्या बाँडवर लिहून देतात. मग भाडेकरू अडून बसला की त्या कागदाचा उपयोग होत नाही. नोंदवलेला करार असेल तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकरणाकडे दाद मागता येते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या फक्त पाव टक्का आणि नोंदणी फी शहरी भागात हजार रुपये. हे ऑनलाइन होतं, बोटांचे ठसे घेणारं यंत्र आणि आधार क्रमांक लागतात. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. आजारी माणसाच्या नातेवाइकांकडून महिनाभरासाठी अवाच्या सवा अनामत मागू नका. त्यांच्या हाताशी पैसा नसतो, आणि घराचं नाव गावात शब्दावर चालतं.

करारांची ही कामं शिकलात की ती तुमच्या दुसऱ्या पायरीवर उपयोगी पडतात. सुट्टीच्या दिवशी पुण्यात भाड्याच्या घरांचं काम करा. यासाठी दुकान लागत नाही. ओळखीतला एखादा चांगला एजंट गाठा आणि त्याच्याबरोबर घरं दाखवायला जा. भाड्याच्या व्यवहारात साधारण एक महिन्याचं भाडं दलाली मिळते, ती तुम्ही वाटून घ्याल. दलालीहून मोठी कमाई म्हणजे वर्षभरात तुम्हाला दोन-तीन भागांतल्या प्रत्येक सोसायटीचं भाडं, तिथलं पाणी, पार्किंगची भांडणं, ओसी (इमारत राहण्यायोग्य असल्याचा भोगवटा दाखला) आहे की नाही, कुठलं घर किती दिवस रिकामं राहतं हे तोंडपाठ होतं. ही माहिती असलेला माणूस पुढे स्वतःसाठी घर घेताना फसत नाही. विक्रीच्या व्यवहारात उतरायचं असेल तर मात्र महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, एजंट नोंदणी हवी. व्यक्तीसाठी फी दहा हजार, मुदत पाच वर्षं, आणि आता त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. नोंदणीशिवाय प्रकल्पातले फ्लॅट विकू नका. नोकरीच्या करारात दुसरं काम करायला बंदी आहे का, तेही एकदा वाचून घ्या.

याच कामाची एक शाखा मला तुमच्यासारख्या प्रामाणिक मुलांना मुद्दाम सुचवावीशी वाटते. कोथरूड, बाणेर, औंध, पिंपळे सौदागर इथल्या कितीतरी फ्लॅटचे मालक परदेशात असतात. आईवडील गेलेले, मुलं तिकडे, घर बंद. त्यांना दलाल नको असतो, घराची काळजी घेणारा माणूस हवा असतो: भाडेकरू बघणं, गळती काढणं, सोसायटीची बिलं भरणं, दर सहा महिन्यांनी घराचे फोटो पाठवणं. महिन्याच्या भाड्याच्या पाच ते दहा टक्के मोबदला लोक आनंदानं देतात. अशी चार घरं हाताशी आली की महिन्याला पाच-सहा हजारांचा हातभार लागतो.

यातल्या दोन गोष्टी फार कमी लोकांना माहीत असतात, त्या शिकून घ्या. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूला भाड्यातून टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापावा लागतो, ३० टक्के अधिक उपकर, आणि भाडं कितीही कमी असलं तरी. दुसरी, परदेशात करून पाठवलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करावं लागतं. हे मालकाला तुम्ही आधी सांगितलंत तर तो पुढची दहा वर्षं तुम्हाला सोडणार नाही. भाड्याचे पैसे मात्र कधीही तुमच्या खात्यातून फिरवू नका, थेट त्यांच्या एनआरओ खात्यात (अनिवासी माणसाचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) जाऊ द्या.

कमाईचा तिसरा मार्ग कॉट बेसिसचा. हिंजवडी, वाकड, विमाननगर, चाकण भागात एखादं टूबीएचके भाड्यानं घेऊन त्यात सहा कॉट टाकायच्या आणि एकेक कॉट भाड्यानं द्यायची. उदाहरण म्हणून घराचं भाडं २२ हजार, कॉट साडेसहा हजारांची. सहाही भरल्या तर ३९ हजार. पण सरासरी एक रिकामी धरा, म्हणजे साडेबत्तीस. वीज, इंटरनेट, सफाई, सिलिंडर यांना पाच हजार जातात. उरतात साडेपाच हजार. सुरुवातीला अनामत ६० हजार आणि कॉट, गाद्या, कपाटं, वॉशिंग मशीन यांना तेवढेच लागतात. वाईट धंदा नाही, पण तुमच्या दीड लाखात बार्शी आणि हे, दोन्ही होणार नाही. आधी बार्शी करा. कॉट बेसिस करायचंच असेल तर मालकाची पोटभाड्यासाठी लेखी परवानगी करारातच हवी, आणि सोसायटीचा सूर आधी ओळखायला हवा. बॅचलर मुलांवरून सभेत भांडण झालं की मालक पहिल्या महिन्यात घर खाली करायला सांगतो.

या सगळ्यात थोडे पैसे साठू लागतील. ते कुठे ठेवायचे? तीन वर्षांत घरासाठी लागणारी रक्कम मुदत ठेवीत किंवा आवर्ती ठेवीत. त्यातले महिना पाचशे-हजार रुपये शिकण्यासाठी रीटमध्ये घाला. रीट म्हणजे भाड्यानं दिलेल्या मोठ्या कार्यालयांची किंवा मॉलची मालकी असलेला, शेअर बाजारात नोंदलेला ट्रस्ट. त्याचं एक युनिटही घेता येतं, काहीशे रुपयांत. भारतात पहिला रीट एम्बसीचा, २०१९ मध्ये बाजारात आला. हिंजवडीतलं एम्बसी टेकझोन त्याचंच. येरवड्याचं कॉमर्झोन माइंडस्पेस रीटकडे, औंधचा वेस्टएंड मॉल नेक्सस सिलेक्ट ट्रस्टकडे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमानुसार रीटला वाटपायोग्य रोख रकमेतला किमान ९० टक्के भाग युनिटधारकांना द्यावा लागतो. भाव वरखाली होतो, म्हणून घराच्या डाउन पेमेंटचे पैसे इथे नकोत. पण त्यांचे तिमाही अहवाल वाचलेत तर किती जागा रिकामी आहे, भाडेवाढ कशी ठरते, कर्ज किती आहे, हे कळेल. भाड्याच्या धंद्याचा इतका उघडा हिशेब दुसरीकडे बघायला मिळत नाही.

लिलावातली स्वस्त घरं हा विषयही तुमच्या मनात येईल, म्हणून एवढंच: बँकेच्या लिलावात बोली लागली की त्याच किंवा पुढच्या कामाच्या दिवशी २५ टक्के आणि साधारण पंधरा दिवसांत बाकीची रक्कम भरावी लागते, आणि आत राहणारा माणूस, सोसायटीची थकबाकी हे सगळं ‘आहे तसं’ गळ्यात येतं. हा पैसेवाल्या माणसाचा खेळ आहे. मित्रांनी मिळून काही घ्यायचं ठरलं तर प्रत्येकाचं नाव आणि हिस्सा खरेदीखतातच लिहा, आणि एखाद्याला बाहेर पडायचं असेल तर त्याचा हिस्सा कोणत्या भावानं घ्यायचा हे पैसे देण्याआधी ठरवा.

असं तीन-साडेतीन वर्षं चाललं तर चित्र काय दिसेल? पगारातून आठ हजार, बार्शीतून घरच्यांनी मान्य केलेला तुमचा हिस्सा तीनेक हजार, भाड्याच्या कामातून पाच-सहा हजार. महिना सोळा हजारांनी तीन वर्षांत पावणेसहा लाखांच्या आसपास जमतात, पगारही थोडा वाढलेला असतो. तेव्हा स्वतःला राहण्यासाठी घर बघा. मोशी, चिखली, चऱ्होलीच्या बाजूला ओसी असलेल्या इमारतीतलं छोटं, रीसेलचं घर २६ लाखांना मिळालं असं धरू. त्यावर ९० टक्के, म्हणजे २३ लाख ४० हजारांपर्यंत कर्ज मिळू शकतं. तुमचे २ लाख ६० हजार, मुद्रांक शुल्क १ लाख ८२ हजार, नोंदणी २६ हजार, मिळून पावणेपाच लाखांच्या आत. ओसी मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. हप्ता वीस हजारांच्या थोडा वर. त्यात तुमचं आजचं खोलीभाडं वाचतं. सोसायटीची हरकत नसेल तर एखाद्या सहकाऱ्याला कॉट देऊन आणखी पाच हजार कमी होतात. खरेदी फक्त आईच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पण ती सवलत घरात फक्त स्त्रियांचीच नावं असतील तरच लागू होते, म्हणून मालकी कोणाची हे घरात बसून ठरवा. म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत अर्जही भरत राहा. त्यासाठी लागणारा अधिवास दाखला आणि उत्पन्नाचे कागद आत्ताच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर धावपळ होते.

रीसेलऐवजी नव्या प्रकल्पाकडे वळलात तर महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची तारीख आणि ती किती वेळा पुढे ढकलली आहे ते बघा. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही, हे त्यांच्या विक्री विभागातल्या मुलालाही ठाऊक असतं. कर्ज देताना बँकेतला माणूस एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी कर्जातच घालून देईल. ती सक्तीची नसते, स्वतंत्र मुदत विमा घेतलेला बरा. बदलत्या व्याजदराचं कर्ज घ्या. त्यावर मुदतीआधी रक्कम भरली तर दंड लागत नाही, त्यामुळे वर्षातून एकदा बोनस आला की थेट मुद्दलात भरायचा आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायला बँकेला लेखी सांगायचं.